थंडीत मगर-साप पाहायला पाणथळीत जाताना: क्रम कुठं चुकतो

दर डिसेंबरात तेच घडतं. बेळगावहून, निपाणीहून, कधी कोल्हापूरहून चार-पाच पोरं अंधारातच गाड्या काढतात, साडेसहाच्या सुमाराला कृष्णेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात पोचतात, धुक्यात दोन तास चिखल तुडवतात आणि "काही नाही रे इथं" म्हणत नऊला मिसळ खायला परत फिरतात. मगर वर येते ती त्यानंतर. पक्ष्यांचं वेळापत्रक मगरीला आणि सापाला लावलं की असंच होणार.

नुसती वेळ वाया गेली असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण त्या दोन तासांत त्यांचे पाय जिथं जिथं पडत होते, तिथंच एखाद्या पाचटाच्या ढिगाखाली घोणस गारठून पडलेली असू शकते. उन्हाळ्यात ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, निदान सावध करते. पहाटेच्या गारठ्यात तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

"थंडीत साप झोपतात" हे आपल्याकडं अर्धंच खरं. हिमालयाकडचे साप महिनोन्महिने बिळात दडून राहतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. इथं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो, आणि दुपारी त्याच जागी २८-२९ अंश होतात. सरपटणाऱ्या प्राण्याला आपल्यासारखी अंगातून ऊब तयार करता येत नाही. ती तो ऊन, दगड, माती, पाणी यांच्याकडून घेतो. म्हणजे सात वाजता लाकडासारखं पडलेलं जनावर बाराला चपळ असतं. ते कुठं गेलेलं नसतं, त्याची वेळ तेवढी सरकलेली असते. आणि ज्याला हलता येत नाही ते तुमच्या वाटेतूनही बाजूला होत नाही.

म्हणून खालचे सगळे टप्पे एकाच धोरणानं लावले आहेत: आधी ऊन पोचू द्यायचं, मग जनावराला बाहेर येऊ द्यायचं, आणि त्यानंतर आपण हलायचं.

## टप्पा १: जागा ठरवा, नुसतं "दलदल" म्हणून निघू नका

आपल्या भागात तीन वेगवेगळ्या जागांना लोक सरसकट दलदल म्हणतात. तिन्हींची तयारी वेगळी.

पहिली, कृष्णा आणि दूधगंगेकाठची मळी. चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी हा पट्टा. इथं ऊस, काळा गाळ, काठावर बेशरमाची दाट झुडपं आणि पाण्यात मगर. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या) घालतात आणि पाणी मागं फुगतं. ऑक्टोबरात जिथं उभे राहिलात ती वाळूची पट्टी डिसेंबरात पाण्याखाली असते. गेल्या वर्षीच्या आठवणीवर इथं जाऊ नका, कालच तिथं गेलेल्या माणसाला विचारा.

दुसरी, धरणांच्या आणि तळ्यांच्या कडा. हिडकलचा जलाशय, धूपदाळच्या बंधाऱ्याकडचं घटप्रभा पक्षी अभयारण्य, गावोगावचे तलाव. इथं मगरीपेक्षा गाळ जास्त फसवतो. राकसकोपच्या तलावाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं कडेला उतरून हिंडायचा विचारही नको.

तिसरी, घाटाकडची ओल. जांबोटी, कणकुंबी, मलप्रभा आणि म्हादईच्या उगमाकडची रानं, पुढं उत्तर कन्नडात जोयडा आणि काळी नदीचा दांडेलीकडचा भाग. भाताच्या खाचरांच्या तळाशी, ओढ्याच्या वळणावर, झाडीतल्या खोलगट जागी पाणी मुरून राहिलेलं असतं. इथं साप आणि घोरपडीच्या आधी गवा, अस्वल आणि हत्तीचा विचार करावा लागतो. भात आणि ऊस तयार होतो त्या दिवसांत दांडेलीकडचे हत्ती खानापूर तालुक्यात उतरतात. गावात "हत्ती आलाय" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशीचा बेत रद्द, यात चर्चा नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दांडेली सुचवीन. काळी नदीतल्या मगरी प्रसिद्ध आहेत, काठावरून सुरक्षित अंतर ठेवून दिसतात, आणि चिखलात एक पाऊलही टाकावं लागत नाही. मळी आणि घाट नंतर.

परवानगी. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, दांडेली-अणशी आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. या हद्दींत वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी शिरणं हा गुन्हा आहे, "आमचं गाव जवळच आहे" हे कारण चालत नाही. मगर, अजगर, घोरपड हे तिघंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणं सोडाच, दगड मारून उठवणंही अंगाशी येतं. मळीत वनखातं नसलं तरी प्रत्येक वाफ्याला मालक असतो. त्याला विचारा, आणि विचारताना एक प्रश्न विसरू नका: "रानडुकरासाठी तार सोडलीय का?" कुंपणात वीज सोडणं बेकायदा आहे, तरी काही ठिकाणी रात्री सोडतात आणि सकाळी बंद करायचं राहून जातं. मोटारीची उघडी केबल ओल्या चिखलातून गेलेली असते तीही बघून ओलांडा.

फलक वाचता आले पाहिजेत. सीमाभागात नदीकाठचे बरेच इशारे फक्त कन्नडमध्ये असतात. कन्नड येत नसेल तर निदान हे शब्द कानावर आणि लिपीही डोळ्याखालून घालून घ्या: एच्चरिके म्हणजे इशारा, मोसळे म्हणजे मगर, हावु म्हणजे साप, हेब्बावु म्हणजे अजगर, नीरिगे इळियबेडि म्हणजे पाण्यात उतरू नका. काठावरच्या माणसाला "इल्लि मोसळि ऐतेन्री?" एवढं विचारलं तरी तो हातातलं काम टाकून जागा दाखवतो. अथणीकडं मला जेवढी अचूक माहिती मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिली, तेवढी कुठल्या नकाशात नव्हती.

## टप्पा २: आदल्या संध्याकाळची तयारी

सामान थोडं, पण एकही वस्तू "असली तर बरं" या सदरातली नाही.

पायात गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट. सँडल, क्रॉक्स, पळायचे बूट यातलं काहीही नको. गमबूट अर्धा माप मोठा घेऊन आत जाड मोजे घाला. घट्ट बूट चिखलात अडकला की पाय निघत नाही, आणि फार सैल असला की पाय निघतो पण बूट आत राहतो. पँट जाड कापडाची आणि पायघोळ, तिची टोकं मोज्यात खोचलेली. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि जांबोटीच्या वाऱ्यात पाय बधिर होतात, म्हणून ती नको. एक जादा मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत.

हातात वेळूची काठी, आपल्या खांद्याच्या उंचीची. चिखलाचा ठाव घ्यायला, झुडूप बाजूला करायला आणि अडकलात तर आधाराला. ट्रेकिंगची घडीची काठी गाळात वाकते.

दुर्बीण. हे सांगायला नको, पण लोक मोबाईलच्या झूमवर भागवतात, मग "जरा जवळून" म्हणत पुढं सरकतात. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

तापमान बघायला काहीतरी. करोनाच्या काळात घरोघरी घेतलेली ती कपाळावर धरायची बंदूक अजून कपाटात असेल. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत अंगाचा ताप सोडून पृष्ठभागाचं तापमान दाखवायची सोय असते. ती लावून दगड, माती, बांध यांचं तापमान घेता येतं. जनावरावर मात्र धरायची नाही. ते यंत्र चार बोटांच्या अंतरावरच नीट चालतं आणि तेवढ्या अंतरावर जाणाऱ्याला हा लेख वाचून फायदा नाही.

पाच लिटरचा पाण्याचा कॅन गाडीत ठेवा. प्यायला नव्हे, कशाला ते शेवटच्या टप्प्यात येईल.

> निघण्याआधी पाहा: किमान तिघं आहात का? कुठं जातोय आणि किती वाजता परतणार हे घरी सांगितलं का? जवळच्या तालुका रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे फोन करून विचारलं का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. विचाराच.

## टप्पा ३: पोचल्यावर तास-दीड तास काहीच करायचं नाही

जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. मळीत धुकं असेल तर ऊन जमिनीला लागायला साडेआठ होतात. तेव्हा साडेआठच्या आसपास पोचा, आधी पोचलात तर गाडीपाशी, मोकळ्या रस्त्यावर थांबा. बांधावर टेकायचं नाही, दगडांच्या ढिगावर डबा उघडून बसायचं नाही.

या वेळात नदीकडं बघा. थंडीत सकाळी नदीतून वाफ निघते ती सगळ्यांनी पाहिलेली असते. रात्रीतून हवा झपाट्यानं निवते, पाणी सावकाश निवतं. पहाटे पाणीच सगळ्यात उबदार, म्हणून मगर तोवर पाण्यातच असते. दिसत नाही म्हणजे नाही, असं धरू नका. उलट, वाफ निघत असलेल्या पाण्याच्या कडेला उभं राहणं हीच दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि वाईट जागा. तोंड धुवायला, हात बुडवायला, "पाणी किती गार आहे" बघायला जाऊ नका.

आता बंदुकीनं तीन ठिकाणची तापमानं घ्या: सावलीतली माती, उन्हातला दगड, उन्हाकडं तोंड केलेला बांध. सुरुवातीला तिन्ही जवळपास सारखी असतात. अर्ध्या-पाऊण तासात बांध आणि दगड पुढं पळतात, सावली मागं राहते. उन्हातला बांध २२-२३ अंशांच्या पुढं गेला की मी चालायला सुरुवात करतो. हा आकडा माझ्या वहीतून आलेला अंदाज आहे, शास्त्राचा नियम नव्हे. तुमच्या जागेला तुमचा आकडा सापडेल.

ढगाळ दिवस असेल तर हा हिशोब कोसळतो. ऊन नाही तर जनावर बाहेर येत नाही किंवा आलेलं फार वेळ गारठलेलं राहतं. अशा दिवशी परत फिरणं शहाणपणाचं. गाडीचं पेट्रोल गेलं तर गेलं.

## टप्पा ४: काठाकडं जाताना

पहिला माणूस काठी पुढं टेकत, दोघं त्याच्या पावलावर पाऊल टाकत. रुळलेली पाणंद असेल तर तीच धरा, उसाच्या सरीतून आडवं घुसू नका. जिथं पाय पडणार ती जागा दिसलीच पाहिजे. पाचट, वाळलेलं गवत, जलपर्णीचा वाळून कडेला लागलेला थर यांवर काठी आपटून थोडं थांबा, मग पाऊल.

काठी आपटली की साप पळतो, हे उन्हाळ्यातलं ज्ञान आहे. गारठलेला साप काठीनंही लगेच हलत नाही. म्हणून थांबून बघायचं आहे, आवाज करून निश्चिंत व्हायचं नाही.

उंच, पाण्यावर झुकलेल्या काठाच्या टोकावर उभे राहू नका. मगर काठात खोल बीळ करते आणि थंडीत आणि कडक उन्हाळ्यातही त्यात राहते. वरून जमीन साबूत दिसते, खालून पोकळ असते.

## टप्पा ५: मगर

साडेनऊच्या पुढं आधी नाकाचा शेंडा आणि डोळे पाण्यावर दिसतात. मग जनावर हळूहळू उतारावर चढतं, पोट टेकतं आणि उन्हाला आडवं पडतं. दहा ते एक ही खरी वेळ. एकाच जागी बसून हे सगळं बघायला मिळतं, त्यासाठी काठानं फिरायची गरज नाही.

बसायची जागा अशी निवडा की मगर समोरच्या काठावर असेल आणि मध्ये नदीचं पात्र असेल. आपल्याच काठावर असेल तर पन्नास मीटरच्या आत जाऊ नका. पाण्याच्या कडेपासून आपण नेहमी वीस पावलं मागं. मगर आणि पाणी यांच्या मध्ये कधीच येऊ नका. दचकलेली मगर पाण्याकडंच धावते, आणि तिची वाट तुमच्यातून जात असेल तर ती वळसा घालत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज उघड्या तोंडाचा. मगर जबडा वासून निपचित पडलेली दिसली की कुणी म्हणतं जांभई देतेय, कुणी म्हणतं मेलीय. अंग पुरेसं तापलं की मगर बहुधा तोंड उघडं ठेवून डोक्याकडची उष्णता बाहेर टाकते. म्हणजे उघडं तोंड ही तिची आळसाची खूण नाही, तिचं इंजिन तापल्याची खूण आहे. "जिवंत आहे का बघू" म्हणून दगड मारणारे नेमके याच वेळी मारतात.

मगर दिसली नाही तरी जागा वाचता येते. ओल्या उतारावर गुळगुळीत घसरल्याची पन्हळ, दोन्ही बाजूंना पंजे आणि मध्ये शेपटीची रेघ. वाळून चुन्यासारखी पांढरी पडलेली विष्ठा. अशी खूण दिसली की ती जागा तिची, तुम्ही मागं फिरा. ताज्या पन्हळीच्या कडेला पाणी अजून निथळत असेल तर फोटोही काढत बसू नका.

फेब्रुवारी लागला की नियम आणखी कडक. थंडीत मगरींचं मीलन होतं आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठाच्या वाळूत-मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण पंचवीस-तीस. ती तिथंच आसपास राखण करते. तेव्हा फेब्रुवारीनंतर उंचावरची वाळूची पट्टी आणि मोकळा उतार टाळा, जागा रिकामी दिसली तरी.

> इशारा: मोटारीचा फूटव्हॉल्व काढायला, म्हशी धुवायला, जाळं सोडवायला कुणी शेतकरी पाण्यात उतरला म्हणून आपणही उतरायचं नाही. त्याचा नाइलाज असतो. तुम्ही हौसेनं आलाय.

## टप्पा ६: चिखल आणि गाळ

हा टप्पा मी स्वतः फेल झालोय, म्हणून सविस्तर.

पाणी मागं हटलेल्या तळ्याच्या कडेला गाळ वाळतो आणि त्याला भेगा पडतात. वरची खपली चार बोटं जाड, पापडासारखी कडक. खाली शिऱ्यासारखा मऊ गाळ. मी एका जलाशयाच्या कडेला कासव दिसलं म्हणून एकटाच तीस पावलं आत गेलो. पंचवीस पावलं खपलीनं पेललं. मग एक पाय मांडीपर्यंत गेला. मी दुसऱ्या पायावर जोर देऊन पहिला ओढला, तसा दुसराही गेला. जेवढं ओढावं तेवढं खाली. काठावरच्या धनगरानं हाक मारली, "मागं पड, मागं!" मला ते वेड्यासारखं वाटलं. त्यानं स्वतःचं घोंगडं पसरून टाकलं, मी पाठीवर पडलो, आणि पाय हळूहळू हलवत सुटलो. एक गमबूट अजून तिथंच आहे.

तर क्रम असा:

1. आत जायच्या आधी काठी जोरात खुपसा. हातभर गेली तर ती जागा सोडा. दर तीन पावलांना पुन्हा.
2. पाय ठेवायला लव्हाळ्याचे, नागरमोथ्याचे बुंधे, झाडाची मुळं, दगड. सपाट, हिरवीगार, गालिचासारखी दिसणारी जागा बहुतेक वेळा पाण्यावरची साय असते. जलपर्णीवर तर गायसुद्धा फसते.
3. अडकलात तर थांबा. ओढू नका. काठी आडवी टाका, तिच्यावर हात टेका, मागं कला, शक्य तर बसा किंवा आडवे व्हा. वजन पसरलं की गाळ सोडतो.
4. अडकलेला पाय वर ओढण्याआधी गोल फिरवत सैल करा, म्हणजे कडेनं पाणी आत शिरतं. मग हळू वर.
5. मदत करणाऱ्यानं धावत आत यायचं नाही. काठी, दोरी, जाकीट जे असेल ते पुढं सरकवायचं. दोघं अडकले की तिसऱ्याची पंचाईत.

आणि कासव? त्याला काही झालं नव्हतं. चिखल्या कासवं पाणी आटलं की गाळात पुरून घेतात. काठावर किंवा चिखलात अर्धं पुरलेलं कासव दिसलं की लोक "बिचारं" म्हणून उचलून खोल पाण्यात टाकतात. ते त्याच्या जागी ठीक आहे. उचलू नका, घरी हौदात ठेवायला तर मुळीच नेऊ नका, नेणाऱ्याला कैद होऊ शकते.

## टप्पा ७: साप

पाणथळीत सगळ्यात जास्त भेटणारा साप विरोळा, कुणी त्याला पाणदिवड म्हणतात. बिनविषारी, पण डिवचला तर चावतो. तो दिसला की घाबरू नका आणि पकडूही नका. धामणही अशीच. सकाळी उन्हाकडं तोंड केलेल्या बांधावर अंग चपटं करून पडलेली असते, कारण चपट्या अंगाला ऊन जास्त लागतं.

काळजी घोणशीची. हिवाळा हा तिच्या मीलनाचा काळ. या दिवसांत नर मादीच्या मागावर हिंडतात, एकाच जागी दोन-तीन सापडू शकतात, आणि गार हवेमुळं एरवी रात्री फिरणारी घोणस दिवसा उन्हात पडलेली असते. त्यातच ऊसतोड चालू. पाचटाच्या ढिगाला, दगडी बांधाच्या पूर्वेकडच्या बाजूला, भाताच्या उडवीच्या बुडाला हात लावायचा नाही. घाटाकडच्या झाडीत चापडा हा विषारी साप असतो, तो फांदीवर, हाताच्या उंचीला. आधार म्हणून झाडाची फांदी धरायची सवय तिथं मोडा.

अजगराचं पिल्लू आणि घोणस. या एका गोंधळात दरवर्षी माणसं जायबंदी होतात. घोणशीच्या अंगावर गोल-लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळीच्या कड्यांसारख्या, प्रत्येक ठिपक्याला गडद कड. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे पट्टे-डाग, एकमेकांसारखे नसलेले, आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. हे दुर्बिणीतून बघायचं आहे. शंका असेल तर ती घोणस समजा.

अजगर थंडीत बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडतो. तुम्ही दिसलात की आत सरकतो, पण गारठलेला असला तर त्याला वेळ लागतो. दूरच थांबा. पुन्हा पुन्हा आत जायला लावलं की त्याची सकाळची ऊब वाया जाते, आणि ऊब नसली तर पोटात गेलेलं पचतही नाही. हेच घोरपडीला लागू. कपारीत अडकल्यासारखी दिसली तरी काठीनं डिवचू नका, ती अडकलेली नसते.

ताठ झालेला साप सापडला की लोक तीन गोष्टी करतात, तिन्ही चूक. मेला समजून शेपटी धरून उचलतात. "गारठलाय बिचारा" म्हणून पिशवीत घालून घरी नेतात. किंवा शेकोटीजवळ ठेवतात. हातात आणि घरात ऊब मिळते आणि साप जागा होतो, तेही तुमच्या हातात. तो जिथं आहे तिथं ऊन पोचेल, बाकी त्याला कशाची गरज नाही.

चावलाच तर, याच क्रमानं:

जागेवरून दूर व्हा, सापाला मारायला किंवा पकडायला थांबू नका. घड्याळ बघून वेळ लिहा. अंगठी, कडं, घड्याळ, बूट काढा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा लाकडी पट्टीनं सरळ बांधा आणि हलू देऊ नका. आवळून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ नको, चुना-हळद नको. माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते. चापड्यावर ती लागू नाही, तरी रुग्णालयातच जायचं, कारण सूज आणि रक्तस्राव तिथंच सांभाळतात. घोणशीच्या संशयात डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि ते गोठतं का बघतात. "नुसतं ठेवलंय, काही करत नाहीत" म्हणून तिथं भांडू नका, तीच तपासणी चालू असते. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद देणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, तेव्हा कुठं गेला होतात ते लपवू नका.

## टप्पा ८: परतीला, आणि घरी

तीनपर्यंत मागं वळा. साडेतीन-चारनंतर जमीन निवायला लागते, सावल्या लांबतात आणि सापांची बिळाकडं परतायची वेळ होते. तेव्हा पायाखालची जागा दिसत नाही.

निघण्याआधी, विसरण्याआधी, वहीत लिहा: वेळ, हवेचं आणि बांधाचं तापमान, ऊन की ढग, कुठला प्राणी, किती लांब, तोंड उघडं होतं की मिटलेलं. काही दिसलं नाही तरी तापमानासकट तसं लिहा. चार फेऱ्यांनंतर तुमच्या जागेचं घड्याळ तुम्हाला कळतं, मग पहाटे उठायचं कारण उरत नाही.

आता तो पाच लिटरचा कॅन. दिवसभर सगळं नीट पाळून शेवटी, ऊन उतरल्यावर, लोक चिखलाचे बूट धुवायला नदीच्या पायरीवर बसतात. पाठ वाकलेली, लक्ष बुटाकडं, हात पाण्यात. बूट गाडीपाशी कॅनच्या पाण्यानं धुवा.

घाटाकडून आलात तर एक काम आणखी, आणि ते मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. माकडताप. हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आज उत्तर कन्नड, गोव्याचा सत्तरी भाग, दोडामार्ग-सावंतवाडी असा आपल्याला तिन्ही बाजूंनी वेढून आहे. काजूच्या कामाला गोव्यात गेलेली आपल्याकडची माणसंही त्यानं आजारी पडली आहेत. तो गोचिडांतून पसरतो आणि त्याचा मोसम थंडीतच सुरू होऊन उन्हाळाभर चालतो. म्हणजे साप-मगर बघायच्या दिवसांतच. पाण्याकाठच्या पानगळीत बसू नका, लोळू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. बाधित गावांत आरोग्य खातं अंगाला लावायला डेपा तेल देतं, मिळालं तर लावा.

घरी पोचल्यावर कपडे दारातच उतरवून गरम पाण्यात टाका. अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागं, गुडघ्याची खोबण, कमरपट्ट्याची जागा नीट बघा, पाठ दुसऱ्याकडून बघून घ्या. बारीक गोचीड तिळाएवढी असते. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखानं चिरडू नका, रॉकेल ओतू नका. पुढच्या आठ-दहा दिवसांत थंडी वाजून ताप, कपाळ आणि अंग ठणकणं सुरू झालं तर घरी गोळी खाऊन वाट बघत बसू नका. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी "रानात गेलो होतो, गोचीड लागली होती" हे पहिल्या वाक्यात सांगा.